गळ्यातली पहिली

मेलेल्या माणसांना चेहरे देणं हा माझा धंदा आहे. असं सरळ सांगितलं की लोक दचकतात, म्हणून कुणी विचारलं तर मी ‘फोटो स्टुडिओ’ एवढंच म्हणते. कर्जतला भिसेगावात आमचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, शाळेची ओळखपत्रं असं सगळं चालतं. नवरा लग्नांच्या शूटिंगला जातो आणि मी कॉम्प्युटरवर बसते. आठवड्यातून एकदोनदा कुणीतरी सुजलेल्या डोळ्यांनी येतं आणि पिशवीतून आधार कार्ड काढतं. “ताई, आमच्या बाबांचा फोटो मोठा करून द्या. दहाव्याला लागणार आहे.”

आधार कार्डावर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. म्हणून मी दुसरा फोटो मागते. मग घरात शोधाशोध होते आणि कुणाच्या तरी हळदीतला फोटो निघतो, त्यात बाबा मागच्या रांगेत, अर्धे झाकलेले. त्यांना मी गर्दीतून बाहेर काढते. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिलेला असतो, तो पुसते. जन्मभर बंडीवर हिंडलेल्या माणसाला कोट चढवते, कारण मुलांना तसा हवा असतो. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं कुंकू मोठं करते. एकदा एका सुनेनं सांगितलं, सासूबाईंना जरा हसऱ्या करा, आयुष्यात हसल्या नाहीत, भिंतीवर तरी हसू देत. केल्या. मुलगा न्यायला आला, फोटो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “ताई, ही आमची नाही, दुसऱ्या कुणाची तरी दिलीत.”

एवढ्या लोकांच्या आईबापांना मी भिंतीवर चढवलं आणि माझ्या आईचा मात्र एकही फोटो माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. मी सात महिन्यांची असताना ती काविळीने गेली. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या गावातून फोटो काढायला कर्जत नाहीतर खोपोली गाठावी लागे, आणि धडधाकट बाईचा फोटो काढायचाच कशाला, हा प्रश्न घरात पहिला आला असता. तिचा चेहरा कसा होता, एवढंच मला कळायला हवं होतं. आयुष्यभर मी हेच मागत आले, कधी तोंडाने, बहुतेक वेळा मनातल्या मनात. तिला पाहिलेली माणसं एकेक करून जात होती. मला आता घाई झाली होती.

वडिलांनी पुढच्या उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं. ती आली ती माझी आय. बोलायला लागले तेव्हा मी तिलाच आय म्हटलं आणि आजही म्हणते. जी गेली तिला गावात कुणी माझी आई म्हणत नसे. तिला सगळे ‘पहिली’ म्हणत. माझ्यासमोरसुद्धा. “पहिलीच्या वेळची पाटी हाय ही,” “पहिलीला मेथी आवडायची नाय,” अशी ती अधूनमधून कुणाच्या तरी बोलण्यात यायची आणि मी कान टवकारले की लोक गप्प व्हायचे. मेथी आवडायची नाही, हे मला तिच्याविषयी ठामपणे माहीत असलेलं एकमेव सत्य. मीही मेथी खायची सोडली होती.

पण ती आमच्या घरातून गेलेली नव्हती. ती आयच्या गळ्यात होती. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीचा टाक गळ्यात घालते. चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची एक रेघ, दोन्ही हात खाली सोडलेले. सोनाराकडे साचा एकच असतो. ज्याची कुणाची बायको मेली तिचा टाक त्याच साच्यातून निघतो, मग ती काळी असो, गोरी असो, जाडी असो. आयने तो लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राबरोबर काळ्या पोतीत घातला आणि त्यानंतर उतरवला नाही.

टाक नुसता घालून भागत नाही, तो सांभाळावा लागतो. आय जेवायला बसली की पहिला घास टाकाला लावून बाजूला ठेवायची. नवीन लुगडं आलं की आधी त्याचा पदर टाकावरून फिरवायची, मगच नेसायची. कुणी हळदीकुंकू लावलं तर पहिलं बोट टाकाला. माहेरी निघाली की उंबऱ्यावर थांबून छातीकडे बघत हळूच म्हणायची, “जाऊन येतो गं आमी.” मला वाटायचं सगळ्यांच्याच आया स्वतःच्या गळ्याशी बोलतात.

आय मला कुशीत घ्यायची तेव्हा तो टाक माझ्या गालाला लागायचा. थंड, आणि एका बाजूने जरा टोचणारा. बायका कौतुकाने म्हणायच्या, बघा, पोरीला दोन आया एकदम कुशीत घेतात. मला कौतुक वाटत नसे, भीती वाटे. डोळ्यांच्या त्या दोन ठिपक्यांना पापण्या नव्हत्या. ती कधीच दुसरीकडे बघत नव्हती.

घरात काहीही वाकडं झालं तरी ते पहिलीच्या नावावर जायचं. म्हैस आटली, पहिलीचं काहीतरी राहिलं असेल. आयचं पहिलं मूल जन्मताच गेलं तेव्हा शेजारच्या बाईने मला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, “पहिलीनं नेलं गं.” त्यानंतर माझा भाऊ झाला आणि जगला, तोही म्हणे आयने पहिलीला काहीतरी कबूल केलं म्हणून. काय कबूल केलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. आय सांगत नव्हती आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी काही गुणी पोर नव्हते. आय मला कधीतरी मारायची, एखादी चापट, तीही मी मागून घेतलेली. आणि चापट मारली की लगेच दुसऱ्या हाताने टाक मुठीत धरायची, घट्ट, जणू त्याचे डोळे झाकतेय. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. मग काय, मला हत्यारच सापडलं. “थांब, तिला सांगते!” असं मी कमरेवर हात ठेवून म्हणायचे आणि आयचा चेहरा पांढरा पडायचा. मला ते फार गमतीचं वाटायचं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वडिलांना मी पहिलीविषयी विचारून पाहिलं. ते म्हणायचे, “चांगली होती.” चांगला तर भातही असतो. कशी दिसायची, तर, “बरी होती की.” त्यापुढे ते विडी शोधायला लागायचे. मी आरशासमोर वेणी घालताना माझ्या तोंडातून वडिलांचं तोंड वजा करून बघायचे. कपाळ त्यांचं, हनुवटी त्यांची. मग उरलं ते तिचं. त्या उरलेल्यातून मी मनात एक बाई तयार केली होती. तिचा चेहरा धड दिसायचा नाही, धूर मध्ये असल्यासारखा, पण ती आली की मला ओळखू यायची. शाळेत बोलणी खाल्ली, पहिल्या बाळंतपणात घाबरले, तेव्हा ती यायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग वडील गेले. चौक गावाच्या आत असलेली आमची भाताची खाचरं एका फार्महाउस स्कीमला गेली. तिथे आता कमान आहे, वॉचमन आहे आणि प्रत्येक बंगल्याला इंग्रजी नाव आहे. भाऊ खोपोलीला नोकरीला लागला, त्याने तिथल्याच शिळफाट्याला फ्लॅट घेतला आणि आयला तिथे नेलं. आय तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून हायवेवरच्या गाड्या बघते. तिचं हृदय आता नीट चालत नाही. दोन जिने चढली की भिंतीला टेकते आणि टाकावर हात ठेवून श्वास घेते.

आणि माझ्या धंद्यात नवीन खूळ आलं. आता मोबाइलवर अशी अ‍ॅप आहेत की फोटो नसला तरी फोटो होतो. नुसता होत नाही, तो हसतो, मान हलवतो, डोळे मिचकावतो. गिऱ्हाइकं मागायला लागली. “ताई, आमच्या आजीला हलवून द्या ना.” मी आधी वैतागले, मग शिकले. धंदा आहे, नाक मुरडून कसं चालेल? एक बाई आपल्या गेलेल्या मुलाला हसताना बघून माझ्या दुकानातच खाली बसली आणि माझ्या पायाला हात लावायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही करता येईल.

मी एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसले. मावशीचा, म्हणजे पहिलीच्या धाकट्या बहिणीचा, तरुणपणचा एक फोटो माझ्याकडे होता. माझा विशीतला होता. आजोळच्या आजीचा एक म्हातारपणचा होता, तो तरुण करून घेतला. तिघींना एकत्र घातलं. नाकात नथ नको, साधी चमकी. हिरवं लुगडं. वय बावीस. चारपाच वेळा भलतंच आलं, कुणीतरी टीव्हीवरच्या मालिकेतली सून आली, ते पुसलं. मग सहाव्या वेळी ती आली. माझं नाक, मावशीचे ओठ, आजीचे गाल. सुंदर होती. मी तिला हलवून बघितली. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि माझ्याकडे बघितलं, आपला नंबर कधी लागेल असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. मी रडले. खूप वर्षांनी भोकाड पसरून रडले.

मावशीला दाखवायला कल्याणला गेले. मावशी सत्तरीच्या जवळची. तिने फोटो हातात घेतला आणि “तीच गं! माझी बाय ती!” म्हणून पदर तोंडाला लावला. गावातल्या एका म्हातारीला दाखवला, ती म्हणाली, हुबेहूब. तिच्या सुनेने विचारलं, तुम्ही हिला पाहिलं होतं? ती म्हणाली, म्हणजे काय, रोज एका पाणवठ्यावर असायचो. माझा जीव भांड्यात पडला. मी मोठी प्रत काढली, चांगली फ्रेम केली. एक दुकानात लावली, एक मावशीला दिली, एक आयसाठी घेतली. आयला त्याने काय वाटेल याचा मी विचार केला नव्हता, हे कबूल करते. मला तिला दाखवायचं होतं, की बघ, सापडली.

शिळफाट्याला गेले तेव्हा आय खिडकीत बसली होती. भाऊ चहा करत होता. मी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला चांगलं दिसतं, तरी तिने चष्मा पुसून लावला. खूप वेळ बघत राहिली. तिचा हात गळ्याकडे गेला.

“ही ती नाय,” ती म्हणाली.

“काय?”

“ही ती नाय गं. ही दुसरीच कोन तरी हाय.”

“मावशीने ओळखलं. सख्खी बहीण आहे तिची.”

“आसंल. पन ही ती नाय.”

माझं डोकं फिरलं. पन्नास वर्षांनी हाताला लागलेलं कुणीतरी काढून घेतंय असं झालं. मी म्हणाले, “तुला काय माहीत? तू कधी बघितलंस तिला? ती मेली म्हणून तू आलीस. तिच्या जागेवर.”

भाऊ हातात कप घेऊन दारात थांबला. आयने चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि डबीत ठेवला. मी फ्रेम तिथेच कॉटवर टाकून निघाले. जिन्यात मला कळत होतं की मी काय बोलले, पण परत वर जायला पाय उचलले नाहीत.

तीन आठवडे मी गेले नाही. दुकानात भिंतीवर ती होती. येणारे जाणारे म्हणायचे, ताई, आई का? अगदी तुमच्यावर गेलीये. आई मुलीवर जात नाही हो, असं मी त्यांना सांगायचे आणि ते हसायचे. मलाही हसू यायचं, पण दर वेळी कमी. कारण ती माझ्यावर गेली होती हे खरंच होतं. मीच तिला माझं नाक दिलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे, माझी ती धुरातली बाई यायची बंद झाली. मी डोळे मिटून तिला आणायचा प्रयत्न करायचे आणि हिरव्या लुगड्यातली, चमकीवाली ही यायची आणि पापण्या मिटायची. लहानपणापासून सोबत असलेली एक बाई मी स्वतःच्या हाताने हाकलली आणि तिच्या जागेवर हिला आणून बसवलं. आयला जे बोलले होते ते शब्द असे माझ्यावर उलटले. दुकानात एकटी असले की तिच्याकडे पाठ करून बसायला मला नको वाटायचं. मी काउंटरची खुर्ची फिरवून घेतली.

मग भावाचा फोन आला. तो म्हणाला, “तू आणलेला फोटो मी हॉलमध्ये लावला, तर आयने त्याच्यावर टॉवेल टाकलाय. काढू देत नाही. तिकडे बघून जेवत पण नाही. तू ये बाबा एकदा.” आणि मग जरा चाचरत म्हणाला, “मी तिला तू पाठवलेला तो मोबाइलवरचा दाखवला होता. डोळे मिटणारा. मला वाटलं बरं वाटेल तिला.”

मी दुपारीच निघाले. फ्लॅटमध्ये भिंतीवर खरंच टॉवेल होता, खिळ्याला दोन टोकं अडकवून नीट लावलेला. आय कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. भाऊ आम्हा दोघींना सोडून खाली गेला. माफी मागायची असं मी वाटेत दहा वेळा घोकलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, “कोनाची गं ही बाय? कोनाच्या घरची? तू कोनाला आनून ठेवलीस इथं?”

हा प्रश्न बरोबर होता. ती कुणाचीच नव्हती. ती कधी जन्मली नव्हती, कुठल्या घरात सून म्हणून आली नव्हती, आणि आता माझ्या दुकानात आणि मावशीच्या घरात तिच्यासमोर उदबत्ती लागत होती.

मी टॉवेलसकट फ्रेम उतरवली, उलटी करून दाराशी ठेवली. आयच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “मी त्या दिवशी वाईट बोलले.”

“खरं ते बोललीस,” ती म्हणाली. “पन मी तिला बगितली हाय.”

मला वाटलं ती टाकाविषयी बोलतेय. “टाकात?” मी विचारलं.

“नाय गं. जित्तेपनी.”

आय खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. ती सतरा वर्षांची असताना आवणीच्या दिवसांत मामाकडे आली होती. तिचा मामा आमच्याच गावचा. भातलावणीला आम्ही आवणी म्हणतो. त्या दिवसांत गावातल्या बाया एकमेकींच्या खाचरांत मदतीला जातात, तशी तीही गेली. पण तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, म्हणून तिला चिखलात उतरू न देता बांधावर बसवलं. बांधावर एका इरल्याखाली पाटीत एक तान्ही पोर होती. पोर रडायला लागली. तशी एक बाई चिखलातून वर आली, पोरीला पाजलं, आणि कुणाकडे द्यावी म्हणून इकडेतिकडे बघितलं.

“मी एकलीच तिथं. तर ती म्हनली, जरा धर गं, येवढं खाचर लावून येते. नि दिली तुला माज्या हातात.”

“मला?”

“मंग दुसरी कोन? दिवसभर धरली तुला. ती मदी दोनदा आली, पाजलं नि गेली. सांजच्याला घ्यायला आली तर तू येईना. माजा पदर धरून ठेवलेलास. सगळ्या हसल्या. ती पन हसली.”

खाली हायवेवर एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत होता, आयने तो थांबू दिला.

“तिचा एक डोळा वाकडा व्हता,” ती म्हणाली. “थोडासा. बगताना कडेला जायचा. तुज्या फोटोवालीचे दोनी सरळ हायत. म्हनून म्हनले, ही ती नाय.”

हे मावशीने मला कधी सांगितलं नव्हतं. मेलेल्या बहिणीचं व्यंग कोण बोलून दाखवतं? आणि सांगितलं असतं तरी काय, माझ्या दुकानात असा डोळा आला की मी तो कुणी न सांगताच सरळ करते. माझ्या हाताला तीच सवय आहे.

“आय, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? एवढी वर्षं?”

तिने टाक मुठीत धरला, मला चापट मारल्यावर धरायची तसाच घट्ट. “भ्याले मी,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुला परत देताना माज्या मनात आलं, ही पोर आपली आसती तर! येवढंच. दुसरं काय नाय. नि दिवाळीच्या वक्ताला मामाकडून कळलं, ती बाय गेली. मंग मागनी आली. बाप म्हनला, त्याला एक पोर हाय, चालंल का तुला? मी म्हनले, पोर माज्या वळखीची हाय.” तिने टाकाची मूठ छातीशी ओढली. “माजी नजर लागली तिला. लोकांना कळलं आसतं तर हेच बोलले आसते. नि मी तरी काय येगळं म्हनत व्हते? रोज घास ठेवला तिच्यापुडं. रोज म्हनले, बाय, मी मागितली नव्हती, तूच दिली व्हतीस.”

पन्नास वर्षं ही बाई हे गळ्यात घालून वावरली, जेवली, निजली. आणि मी कमरेवर हात ठेवून तिला सांगायचे, थांब, तिला सांगते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिची मूठ माझ्या दोन्ही हातांत धरली. म्हटलं, “तिला कावीळ झाली होती गं आय. गावात त्या वर्षी चौघं गेली. नजरेने कावीळ होत नाही.”

“ते मला म्हाईत हाय,” ती म्हणाली, आणि डोळे पुसले. तिला माहीत असूनही काही उपयोग झालेला नव्हता.

खिडकीतून ऊन सरकत कॉटपर्यंत आलं. मला तिच्याशी चांगलं वागायचं होतं, तिला आता काही विचारायचं नाही असं मी ठरवत होते, पण माझ्याच्याने राहवेना. तिला बघितलेलं खरं माणूस माझ्यासमोर बसलं होतं, आणि ते इतकी वर्षं माझ्या घरात होतं.

“आय,” मी म्हणाले, “दिसायला कशी होती ती? सांग ना. नाक कसं होतं? गोरी होती का सावळी?”

आय विचार करत राहिली. कपाळाला आठ्या घालून, खरोखर आठवायचा प्रयत्न करत.

“डोळा तेवडा आठवतो,” शेवटी ती म्हणाली. “नि हात, चिखलानं भरलेले. तोंड नाय गं आठवत. तुला खोटं कशाला सांगू?”

“पण तू समोर होतीस ना तिच्या? इतकी जवळ? चारदा आली म्हणतेस.”

“व्हते ना. पन तिनं तुला माज्या हातात दिली.” आयने माझ्या गालाला हात लावला. “मंग मी तिच्याकडं कशाला बगीन? मी तुलाच बगत व्हते.”